मुकादमाची फेरी

माझ्या लॅपटॉपवर कामाचे तास मोजणारा ट्रॅकर आमच्या घरात राहायला आला तेव्हा मी सासूबाईंशी त्याची रीतसर ओळख करून दिली. ती करून दिली नसती तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

"आई, कोपऱ्यात हे हिरवं दिसतंय ना? हे हिरवं असलं की माझं काम मोजलं जातं. मधेच कधीतरी हा स्क्रीनचा फोटो काढतो आणि तिकडे क्लायंटबाईंना दाखवतो. बटणं किती वेळा दाबली तेही मोजतो."

"कधी काढतो फोटो?"

"ते सांगत नाही."

"आणि तू उठून गेलीस तर?"

"बटणं हलली नाहीत की थोडा वेळ वाट बघतो आणि आपला आपण बंद पडतो. तेवढ्या वेळाचं काम गेलं."

सासूबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला, त्या हिरव्या ठिपक्याला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मुकादमच की मेला!"

तेव्हापासून त्याचं नाव मुकादम. सासूबाईंनी उभी हयात शिवणकारखान्यात काढलेली. शर्टाच्या कॉलरी शिवायच्या. रांगांमधून फिरणारा मुकादम त्यांना अजून स्वप्नात दिसतो आणि त्या झोपेतही पाय हलवतात, असं माझा नवरा सांगतो.

माझं काम तसं साधं. रेकॉर्डिंग ऐकायचं आणि शब्दन्‌शब्द टाइप करायचं. पण ते मिळवताना नाकी नऊ आले होते. घरबसल्या काम मिळवून देणाऱ्या साइटवर नवीन प्रोफाइलला कोणी काम देत नाही आणि काम मिळाल्याशिवाय प्रोफाइल नवीनच राहतं. मुंगीला मांडीवर झोपवून मी एका हाताने प्रपोजलं लिहायची. (मुंगी म्हणजे माझी लेक. रांगायला लागल्यापासून जमिनीवरचा प्रत्येक कण ती शोधून काढते, म्हणून मुंगी.) बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकाने फुकट नमुना करून घेतला आणि गायब झाला. एकाने विचारलं, "तुम्ही सलग आठ तास उपलब्ध असाल का?" तेव्हा मुंगी माझी वेणी चावत होती. मी "हो" लिहिलं आणि मग खोडलं.

मग या बाई भेटल्या. निवृत्त परिचारिकांच्या आठवणी त्या एका संस्थेसाठी गोळा करत होत्या. कितीतरी म्हाताऱ्या नर्सेस, तासन्‌तास बोललेल्या. एक आठवडा चाचणी. काम पसंत पडलं तर पुढचं वर्षभर सगळी रेकॉर्डिंग माझ्याकडे.

आणि नाही पडलं तर ऑफिस. माझी रजा त्याच आठवड्याच्या शेवटी संपत होती. ऑफिस म्हणजे सकाळी अंधार असताना निघायचं, दिवे लागल्यावर यायचं. एरवी हेही केलं असतं, बायका करतातच. पण मुंगी बाटली तोंडात धरत नव्हती. वाटी नाही, चमचा नाही, दुसऱ्या कोणाचा हात नाही. आम्ही सगळे उपाय करून पाहिले होते. शेवटच्या प्रयत्नात मी मुद्दाम जिना उतरून खाली जाऊन बसले आणि वर ती रडून रडून निळी पडली. सासूबाई तिला घेऊन धावत खाली आल्या. म्हणाल्या, "घे बाई, तुझा हट्ट आणि तिचा हट्ट. दोघींची एकच जात."

म्हणून ते आठवडाभराचं काम म्हणजे माझ्या हातातोंडाशी आलेला घास होता, आणि माझ्यापेक्षा जास्त मुंगीच्या.

झोपायच्या खोलीत कपाट आणि पलंग यांच्यामध्ये इस्त्रीचं टेबल होतं, तिथे मी बसायची. हेडफोन एकाच कानावर. दुसरा कान मुंगीसाठी मोकळा. ती रडली की मी उठायची ती थेट धावायची. मुकादमाला थांबवायचं भान कुठलं? बंद पडेल आपोआप, म्हणून सोडून द्यायची. दूध पाजून, ढेकर काढून, परत येऊन बसले की तो हिरवाच असायचा. मला वाटायचं, वा, आज लवकर पाजून झालं. आईला वेळेचा अंदाज कधी असतो? आठवडाभरात माझे तास चांगलेच भरले होते. मी खूश होते. कशामुळे भरले याचा विचार केला नाही, हे खरं.

शेवटच्या दिवशी सकाळी बाईंचा मेसेज आला. सोबत फोटो. माझ्याच स्क्रीनचा.

पानावर वर नर्सबाईंचं वाक्य होतं: "तेव्हा वॉर्डात एकच खिडकी उघडायची आणि आम्ही आळीपाळीने..." तिथे ते तुटलं होतं. आणि त्याखाली अर्धं पान भरून:

मममममममममममममममममम

खाली बाईंनी लिहिलं होतं, "असे बरेच फोटो आहेत. बटणं खूप दाबली गेली आहेत, पण मजकूर पुढे सरकलेला नाही. तास मात्र लागले आहेत. याचा खुलासा करा."

बटणं आपोआप दाबत राहणारी यंत्रं लोक वापरतात हे मी ऐकलं होतं. साइटला कळलं की खातं बंद. कायमचं. पुन्हा तिथे त्या नावाने पाऊल ठेवायचं नाही.

मी घाईघाईने लिहिलं, "माफ करा, घरात लहान बाळ आहे. बहुतेक तिचा हात पडला असेल."

उत्तर लगेच आलं. "बाळ नंतर ते सगळं पुसूनही टाकतं का? कारण पुढच्या फोटोत पान स्वच्छ आहे."

मी ते पान उघडून पाहिलं. खरंच की. आणि मला तरी कुठे ते 'म' कधी दिसले होते? मी परत येऊन बसायची तेव्हा माझं वाक्य जिथल्या तिथे असायचं.

"दुपारी व्हिडिओ कॉलवर बोलू," बाईंनी लिहिलं. "त्यानंतर साइटला कळवायचं की नाही ते मी ठरवेन."

मी नवऱ्याला फोन लावला. तो फ्रिजदुरुस्तीचं काम करतो. कोणाच्या तरी स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे आडवा पडलेला असणार, आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता.

"व्हायरस असेल," तो म्हणाला.

"व्हायरस 'म' कशाला दाबेल?"

"मग मला काय माहीत? तू ते तास पुसू शकतेस ना? पुसून टाक. आणि सांग, सिस्टिममध्ये बिघाड होता. मी गिऱ्हाइकांना काय सांगतो? वोल्टेज. कळत नसेल तेव्हा वोल्टेज सांगायचं."

"त्यांच्याकडे फोटो आहेत अरे."

"फोटोत तू आहेस का? नाही ना? मग?" पलीकडे काहीतरी धातूचं पडलं. "हे बघ, तू काही केलेलं नाहीस. मग घाबरतेस कशाला?"

तेच तर. केलेलं नसताना काय सांगायचं हे कोणी शिकवत नाही.

तेवढ्यात ऑफिसातल्या क्लार्कचाही मेसेज आला. मॅडम, उद्यापासून हजर होणार की नाही ते साहेब निघायच्या आत सांगा, जागा अडवून ठेवता येत नाही. पुढे एक हसरा चेहरा. त्या चेहऱ्याला मी मनातल्या मनात एक ठेवून दिली.

दुपार होईपर्यंत काम तर करायलाच हवं होतं. शेवटचं रेकॉर्डिंग अर्धं राहिलं होतं. मी हेडफोन चढवला, मुकादमाला हिरवा केला आणि बसले. दोन ओळी झाल्या नसतील, मुंगी उठली. तिचं ते भुकेचं रडणं, आधी एक बारीक तक्रार आणि मग एकदम भोंगा. मी धावले. पुढच्या खोलीत खाली बसून तिला पदराखाली घेतलं. ती हुंदके देत देत प्यायला लागली. तिच्या कानामागे घामाची एक बारीक बट चिकटली होती, ती मी बोटाने सोडवत होते.

आणि मला ऐकू आलं. टक. टक. टक. टक.

झोपायच्या खोलीतून. अगदी संथ, एकसारखं.

मी मुंगीला तशीच छातीशी धरून उठले. दार लोटलेलं होतं. पायाने ढकललं.

सासूबाई माझ्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर. एक बोट बटणावर, आणि नजर माझ्यासारखीच स्क्रीनवर खिळलेली. टक. टक. टक. आणि टेबलाखाली त्यांचा उजवा पाय हलत होता. तिथे पायडल नव्हतं, तरी हलत होता.

"आई?"

"अगं, पाज तू, पाज! मी आहे इथे." त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "बंद नाही पडू देत मी."

"आई, हात काढा. आधी हात काढा तिथून!"

माझा आवाज एवढा चढला की मुंगीने पिणं सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंचा हात हवेतच राहिला.

"काय झालं? पुसते की मी नंतर. ते बाण असलेलं बटण दाबून सगळं पुसते, तुझ्या कामाला धक्का लावत नाही. रोज तू ढेकर काढायला लागलीस की पुसून उठते."

"रोज?"

"मग? तू उठलीस की मी बसते. तूच म्हणालीस, हलवलं नाही की बंद पडतं."

मी पलंगावर बसले. मी त्यांना सकाळचा मेसेज वाचून दाखवला. त्या ऐकत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर मला हवी होती ती भीती काही दिसेना. उलट कपाळाला आठी पडली.

"म्हणजे ती बाई मला चोर म्हणते?"

"तुम्हाला नाही, मला म्हणते."

"एकच ते. अगं, तुझा नवरा अंगावर पिणारा होता ना, तेव्हा त्याला शेजारीण कारखान्याच्या फाटकाशी घेऊन यायची. मी उठून गेले की माझ्या बाजूची आपला डावा पाय माझ्या पायडलवर टाकायची. दोन मशिनं चालवायची एकटी. माझं रिकामंच चालायचं, पण आवाज यायचा. मुकादमाला आवाज पाहिजे असतो. ती गेली की मी तिचं चालवायची. सगळ्या रांगेत असंच. कुणी कुणाला सांगितलं नाही, शिकवलं नाही. तेव्हा जगली ती पोरं." त्यांनी मुंगीकडे बोट केलं. "हिच्या बापासकट. त्याला चोरी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा."

त्या बायकांपैकी कोणाचा पाय घसरला असता तर हा माझा नवरा, ही माझी मुंगी, यातलं काय उरलं असतं? आणि तरीही मला दुपारी एका अनोळखी बाईसमोर बसून सांगायचं होतं की माझ्या सासूने खोटे तास भरले.

"आई, मला खरं सांगावं लागेल."

"सांग ना. कोण अडवतंय?" त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "सुनेचं भलं करायला गेले आणि तोंड काळं करून घेतलं, एवढंच."

दारातून जाताना त्यांनी मुंगीच्या पायाला नेहमीसारखा हात लावला नाही.

कॉलपर्यंत मी एकच गोष्ट केली. ज्या ज्या जागी मी पाजायला उठले होते, तिथली पानं पुन्हा ऐकत ऐकत तपासली. नवरा म्हणाला तसे तास पुसता आले असते, पण आधी पुसून मग सांगितलं तर सांगण्यात काय राहिलं? तपासताना एका ठिकाणी हात थांबला. नर्सबाई रेकॉर्डिंगमध्ये म्हणत होत्या, "त्या रात्री मी पहिल्यांदा कोणाचे डोळे मिटले." माझ्या पानावर ते वाक्य नव्हतं. पुसता पुसता सासूबाईंनी तेही पुसलं होतं. आणि ते पान मी बाईंना पाठवून बसले होते.

बाई पडद्यावर आल्या तेव्हा त्यांच्या मागे भिंतीला लागून खोकी रचलेली होती. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. नमस्कार झाला. बोलायची पाळी माझी होती.

मी सांगितलं. आधी नीट जुळवून ठेवलं होतं ते सगळं विसरले आणि कसंही सांगितलं. मी उठायची, सासूबाई बसायच्या, बटण दाबायच्या, पुसायच्या. ऐकताना मलाच ते खोटं वाटायला लागलं. शाळेत वही हरवली की पोरं अशा गोष्टी रचतात.

"सकाळी तुम्ही म्हणालात बाळ," बाई म्हणाल्या.

"तेव्हा मला माहीत नव्हतं. अंदाजाने लिहिलं. तसं लिहायला नको होतं."

"आणि तास जास्त दिसत होते तेव्हा?"

"तेव्हा बरं वाटत होतं," मी म्हणाले. "विचार केला नाही."

बाईंनी पेन टेबलावर आपटलं. जोरात नाही. "तुम्हाला कल्पना आहे का, हे तास मी संस्थेला दाखवते? उद्या त्यांनी हे 'म' बघितले तर ते म्हणतील मी कोणाला तरी घरबसल्या पोसतेय. माझंही काम यावर आहे."

"आणखी एक आहे," मी म्हणाले. बोलले नसते तर त्यांना कधी कळलंही नसतं, असं एक मन म्हणत होतं. "तिसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये एक वाक्य गेलंय. डोळे मिटल्याचं. मी आता परत घातलंय, पण तुम्हाला गेलेल्या प्रतीत ते नाही."

बाईंनी मान वर केली. "ते वाक्य?"

"हो."

"त्या बाई ते सांगायला तयारच नव्हत्या," त्या हळू म्हणाल्या. "मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा बोलल्या."

तेवढ्यात मागून दार वाजलं. सासूबाई. मुंगी कडेवर, पदर नीट खोचलेला, केसांवरून पाण्याचा हात फिरवलेला. साहेबासमोर उभं राहायला निघाल्यासारख्या.

"नमस्कार बाई. ते मी केलं."

"आई, बसा ना तुम्ही..."

"मला बोलू दे. बाई, हिला काही माहीत नव्हतं. आमच्या कारखान्यात पाजायला गेलेल्या बाईचं मशीन आम्ही चालू ठेवायचो. मला वाटलं, हेही तसंच. तुमचा माणूस नुसता आवाज ऐकून जात नाही, फोटो काढतो, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही." त्यांनी पदर पुन्हा खोचला. "चूक झाली. पण लबाडी नव्हती."

मुंगीने त्याच क्षणी स्क्रीनकडे हात झेपावला. सासूबाईंनी तो पकडला आणि माझ्यासकट तिघींनी एकदम श्वास सोडला. बाई हसतील असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत.

"आजी," त्या म्हणाल्या, "हा माझा कारखाना असता तर मी तुम्हाला काढलं असतं."

"मीही तेच केलं असतं," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही पाजायला उठलात ते सगळे तास काढून टाका. तुमच्या हाताने. शंका असेल तिथे तुमच्या विरुद्ध धरा. साइटला मी कळवत नाही. पण घड्याळावरचं वर्षभराचं काम मी तुम्हाला देऊ शकत नाही. माझी हिंमत नाही."

मी मान हलवली.

"एक वेगळं सुचतंय. नगावर. एक रेकॉर्डिंग द्यायचं, पूर्ण झालं की बघायचं. पसंत पडलं तर पुढचं. ट्रॅकर नाही, तुम्ही कधी बसता याच्याशी मला मतलब नाही. पण पुढचं मिळेलच असं वचन नाही. आणि वाक्य गळलं तर संपलं. विचार करून सांगा."

स्क्रीन काळी झाली. तिच्यात आम्ही तिघी दिसत होतो.

"म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं. "मिळालं का गेलं?"

"अर्धं."

मी सासूबाईंसमोरच तास काढायला बसले. त्या शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, "हा माझा. हाही माझा. हा? हा... माझाच असेल, काढ." प्रत्येक वेळी कॉलरीतला दोरा ओढून तोडावा तसा त्या तोंडाने आवाज करत होत्या. माझे भरलेले तास बघता बघता अंगाबरोबर उरले.

ते संपतं न संपतं तोच फोन वाजला. ऑफिसातला क्लार्क.

"मॅडम, साहेब पायात बूट घालतायत. हो का नाही?"

मी फोन कानाला लावून सासूबाईंकडे पाहिलं. त्या जोरजोरात मान हलवून "हो म्हण, हो म्हण" असं ओठांनी सांगत होत्या. मग पदराने त्यांनी मुंगीचं तोंड पुसलं. मुंगी माझ्याकडे झेपावत होती, भूक नव्हती तरी, नुसतं दिसले म्हणून.

एका बाजूला दर महिन्याला मिळणारं, ठरलेलं. दुसऱ्या बाजूला एक रेकॉर्डिंग आणि "बघू".

"मॅडम? एक बूट झाला."

"नाही," मी म्हणाले. "मी येत नाही. जागा द्या कोणालातरी."

"विचार केलाय ना?"

"नाही केला. पण येत नाही."

मी फोन ठेवला. सासूबाई कपाळाला हात लावून पलंगावर बसल्या.

"वेडी आहेस तू. शुद्ध वेडी. आणि समज, ते पहिलंच पसंत पडलं नाही तर?"

"तर पुन्हा प्रपोजलं लिहीन."

"आणि तोपर्यंत?"

मी बाईंना लिहिलं की मला मान्य आहे. रेकॉर्डिंग लगेच आलं. बहुधा त्यांनी तयारच ठेवलं होतं. मी ते उघडलं. एक खोकला, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि एक म्हातारा, खरखरीत आवाज म्हणाला, "कुठून सुरू करू?"

"आई," मी म्हणाले, "हिला घेऊन जरा पुढच्या खोलीत बसता का?"

सासूबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या, थांबल्या, खुर्चीकडे एकदा बघितलं.

"आणि ही रडली तर?"

"तर मला हाक मारा."

"आणि इथलं?"

"इथलं थांबेल."

त्यांना ते पटलं नाही, हे मला दिसत होतं. तरी त्यांनी मुंगीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि दार ओढून घेतलं.